माझी मंत्री

जुरोंग ईस्टच्या आमच्या कॉन्डोच्या इमारतीत शेजारच्या फ्लॅटमध्ये आपल्या मुलीकडे राहणारे डच गृहस्थ पूर्वी त्यांच्या देशात मंत्री होते, नंतर ब्रसेल्सला युरोपच्या कारभारात. लिफ्टचं बटण ते कधीच दाबत नसत. कुणीतरी दाबेपर्यंत शांत उभे राहत. बहुतेकदा मीच दाबायचो.

"तुमच्या भाषेत मला काय म्हणतील?" एकदा त्यांनी विचारलं.

"माजी मंत्री."

त्यांच्या जिभेवर त्याचं "माझी मंत्री" झालं. माझी म्हणजे 'माइन', मी सांगितलं.

"मग तेच बरं," म्हणाले, आणि तसंच म्हणत राहिले.

तिकडे त्यांच्या देशात नवं मंत्रिमंडळ ठरत होतं, त्या दिवशी ते सूट-टाय घालून, फोन घेऊन सकाळपासून लॉबीत बसले. मी कामावरून परतलो तेव्हा यादी जाहीर झाली होती. फोन वाजलाच नव्हता.

लिफ्टपाशी मी हात पुढे केला, तर त्यांनी स्वतःच बटण दाबलं.

"माजी," ते म्हणाले. उच्चार अगदी बरोबर होता.