हिराचा डबा

माझी बायको हिरा कुठल्याही ऑफिसात जाताना डबा घेऊन जायची. बँक असो नाहीतर वीजबिलाची खिडकी. भाकरी, सुकटीची चटणी, कांदा. म्हणायची, "काम झालं तर घरी जेवीन, नाय झालं तर त्यांच्या दारात जेवीन." साहेब लोकांना सुकटीचा वास सोसत नसे. काम व्हायचं.

ती मोरा बंदराची, कोळ्याची पोर. हनुवटीवर तिच्या आईनं गोंदवून घेतलेले तीन हिरवे ठिपके. शाळा माझ्याएवढीच, म्हणजे नावापुरती. तरी महाप्यात गाळा घेऊन कापडी पिशव्या शिवायचा धंदा तिनं उभा केला. शिवायला आमच्या कोपरखैरण्यातल्याच बाया. मी वेल्डिंग सोडून तिथं गठ्ठे बांधायचो. लोक हसायचे. हसू देत.

एकदा हॉलंडच्या गिऱ्हाइकाचा निरोप आला. इकडं प्रदर्शन आहे, स्वतः येऊन माल दाखवा, तरच पुढची ऑर्डर. प्रदर्शन तोंडावर आलेलं. ऑर्डर गेली असती तर गाळ्याला कुलूप. आमच्या पोरानं हौसेनं तिचा पासपोर्ट काढून ठेवला होता, पण व्हिसाचा एजंट म्हणाला, "काकी, एवढ्या घाईत होत नसतं. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी जेव, असं पोटाला सांगता येतं का तुला?" हिरा म्हणाली. "'नाय' ऐकायचं ते समोरच्याच्या तोंडून. आपनच आपल्याला कशाला सांगायचं?"

मग आमंत्रणाचं पत्र, विमा, बँकेचे कागद, नुसती धावाधाव. फोटो नाक्यावरच्या स्टुडिओत काढला. पाकीट उघडून बघायलाही सवड नव्हती.

व्हिसा सेंटरच्या दारात वॉचमननं डबा अडवला. "तुमी सांबाळा," म्हणून तो माझ्या हातात देऊन ती आत गेली. आतलं तिनं मला नंतर सांगितलं. खिडकीतली पोरगी एकदा फोटो बघते, एकदा हिराला. फोटोतली बाई गोरीपान, हनुवटी कोरी. स्टुडिओवाल्याला लग्नाच्या फोटोंची सवय. त्यानं फुकटात, प्रेमानं गोंदण पुसलेलं.

"आंटी, हा नाही चालणार. नवीन अपॉइंटमेंट घ्या."

नवीन तारीख मिळणार प्रदर्शन उरकल्यावर.

"पोरी, फोटो खोटा हाय. बाई खरी हाय, तुज्यासमोर बसलीय. तिचा काढ."

"मागे लाइन आहे, आंटी."

"असू दे. माजा डबा बाहेर ऱ्हायलाय, मी उपाशी हाय. मलाच जास्त घाई हाय."

पोरगी हसली. तिथल्याच मशीनवर दुसरा फोटो काढून घेतला. मशीनवाला म्हणाला, हसू नका.

"हसतंय कोन?"

व्हिसा विमानाच्या आदल्या दिवशी हातात पडला. हिरा गेली आणि ऑर्डर घेऊनच आली. युरोपाबद्दल एवढंच बोलली, "मानसं चांगली हायत, पन गार पाव खातात." स्टुडिओवाल्याला मात्र रस्त्यावरूनच ओरडली, "माज्या आयनं गोंदलेलं पुसनारा तू कोन रं?"

"काकी, सुंदर केलं तुम्हाला."

"मी कदी तक्रार केली व्हती?"

यंदा हिरा गेली. तापाचं निमित्त झालं. पोरानं फोटो मोठा करून, फ्रेम करून आणला. स्टुडिओत पडून होता तोच, गोरा. "पप्पा, यात आई छान दिसते." मी म्हणालो, ही बाई माझ्या घरात कधी नांदली नाही.

सकाळी फ्रेम काखेत मारून स्टुडिओत गेलो. व्हिसा सेंटरच्या मशीनवर काढलेला, उरलेला फोटो पुढं ठेवला.

"काका, एवढ्याशा फोटोवरून मोठा नीट नाही येणार. धूसर होईल."

"होऊ दे. गोंदण दिसलं पाहिजे."

"बरं, पुढच्या आठवड्यात या."

मी त्याच्या पायरीवर बसलो आणि डबा उघडला. भाकरी माझ्या हातची, जाड, कडेला करपलेली. चटणी मात्र तिची, बरणीतली शेवटची.

वास आत गेला. त्यानं माझ्याकडं बघितलं, डब्याकडं बघितलं आणि कॉम्प्युटर चालू केला.