सुमनकाकूंचा हिस्सा

कौटुंबिक न्यायालयात वकिली करा, किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपणहून साठतात. फी तेवढी मागावी लागते! चौबे कॉलोनीतल्या सुमनकाकूंची तर एकच केस, पण तिचे किस्से आमच्या बार रूमला अजून पुरतात. सगळे हसण्यासारखे नाहीत.

*

काकूंचे नवरे वसंतराव वीज खात्यातून रिटायर झाले आणि घटस्फोट झाला. पेन्शनचा तिसरा हिस्सा काकूंना मिळावा, असं मी मागितलं. वसंतराव भडकले, इथल्या कोर्टाच्या हिंदीत. "साहब, नौकरी मैंने की! पूरी ज़िंदगी नाइट ड्यूटी, सिलतरा सबस्टेशन!"

मी त्यांचा पदर ओढत होते, तरी काकू उठल्याच. "ड्युटी यायनं केली, साहेब. पण हे दिवसा झोपत, तवा दोन पोट्ट्यांले चूप कोण ठेवत होतं? माह्या घरात पोट्टे कधी मोठ्यानं हासले नाही!"

जजसाहेबांचा पेन थांबला. हुकूम आमच्या बाजूनं झाला.

*

पण हुकूम मिळणं वेगळं आणि तो अमलात आणणं वेगळं. वसंतरावांनी दमडी दिली नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा तारखा! शेवटी कोर्टानं सांगितलं, हिस्सा बँकेनंच कापून द्यावा.

बँकेतला बाबू म्हणाला, "माताजी, सिस्टम में विधवा का ऑप्शन है, तलाकशुदा का नहीं. थोड़ा रुक जाइए."

"कायच्यासाठी रुकू?" काकूंनी विचारलं.

बाबू मान खाली घालून स्टेपलर शोधू लागला!

*

हिस्सा एकदाचा सुरू झाला. तीजा आली, म्हणजे आपली हरतालिका. मी चेष्टेनं म्हटलं, "काकू, आता उपास परत धरा. नवऱ्याचं आयुष्य वाढायला हवं!"

काकू हसल्या नाहीत. "वकीलबाई, हे गेले का माहा हिस्सा बंद. विधवेची पेन्शनही मले नाही. खोलीचं भाडं त्यातूनच जाते. उपास धरलाच हाये मी."



*

पेन्शनरनं वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं दाखवलं नाही, तर पेन्शन थांबते. वसंतराव कोर्टाच्या पायऱ्यांवर ओरडलेच होते, "नोव्हेंबरात हयातीचा दाखलाच देत नाही! माही बंद, तर हिचीही बंद!" आपल्याच अन्नात माती कालवणारा माणूस!

आणि खरंच, डिसेंबरात काकूंचा हिस्सा आला नाही.

काकू तरातरा तेलीबांध्याला वसंतरावांच्या फ्लॅटवर निघाल्या, भांडायला. मी मागोमाग. दार शेजाऱ्यानं उघडलं. वसंतराव खाटेवर पडलेले. अर्धं अंग गेलेलं, दाढी वाढलेली, बोलता येत नव्हतं. काकू पर्स धरून दारातच उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी काकू बँकेच्या माणसाला तिथे घेऊन आल्या. मोबाइलसमोर चेहरा धरायचा, डोळे मिचकावायचे, की दाखला तयार. वसंतराव मिचकावेनात. काकूंकडेच बघत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मोबाइल पुन्हा पुन्हा नकार देत होता.

काकूंनी पदरानं त्यांचे डोळे पुसले. "इकडे नाही, मोबाइलकडे पाहा जी. हं, मिटा. आता उघडा."

"हो गया, माताजी," बँकेचा माणूस म्हणाला. "अब अगले नवंबर में."

काकूंनी वसंतरावांच्या शर्टाचं वरचं बटण लावलं.

"ऐकलं न?" त्या म्हणाल्या. "पुढच्या नोव्हेंबरातही पायजे तुम्ही मले."