सात वर्षांची सही

जावेदचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात पेपर तपासत होते. "वंदनाताई, आपा गेली," एवढंच तो बोलला. त्याची आपा, म्हणजे थोरली बहीण, माझी मैत्रीण नसरीन. आदल्याच आठवड्यात दवाखान्यात तिनं मला बजावलं होतं, "सफरचंदं नको आणू, वांग्याची भाजी आण." आजारपणातही हुकूम सोडणारी बाई... महिना उलटला तरी पटत नाही.

डिप्लोमा करून आम्ही दोघी एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत लागलो. ती खुलताबादची, मी मुकुंदवाडीची. डबे मात्र पहिल्या दिवसापासून एकत्र. वर्षभरानं साहेबांनी दोघींना बोलावलं. पदवीची सगळी फी कंपनी भरणार, आणि पदवीनंतर सात वर्षं नोकरी सोडायची नाही; सोडली तर फी परत करायची. मला पुढं कॉलेजात शिकवायचं होतं. मी नको म्हणाले.

नसरीननं मात्र शांतपणे विचार केला. "तुला जायचंय, तू सही करू नको. मला हे काम लई आवडतं, आन अम्मीला सोडून मी कुठं जाणार नाय. मी तशीबी इथंच राहणार, मग शिकून का नको राहू?" सही करण्याआधी तिनं साहेबांना विचारलं, "मी सोडणार नाय, ठीक. पण तुम्हीच मला मधी काढलं, तर फी परत मागणार का?" साहेबांनी कागद परत मागून घेतला. मग कंपनीनं काढलं तर फी माफ, असं करारात आलं. तिच्यानंतर शिकलेल्या सगळ्यांच्याच करारात ते राहिलं.

पुढं कसोटी लागलीच. कराराची निम्मी वर्षं सरली असताना तिला हैदराबादच्या दुसऱ्या कंपनीतून मोठ्या हुद्द्याचं बोलावणं आलं. अम्मीसुद्धा सोबत जायला तयार झाल्या. उस्मानपुऱ्यात चहा घेताना नसरीन नुसता कप फिरवत राहिली...

"वाईट वाटतंय?" मी विचारलं.

"वाटतंय की. जीव जळतोय. पण सही माझी हाय, कुणी हात धरून नाय करवून घेतली."

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी कामावर गेली. मुदत संपली त्याच आठवड्यात साहेबांसमोर जाऊन म्हणाली, "आता मी मोकळी हाय. प्रयोगशाळा माझ्याकडं देता का, का जाऊ?" त्यांनी दिली. शेवटपर्यंत तिनं ती चालवली, आणि झकास चालवली.

खुलताबादच्या घराच्या गच्चीवर तिनं एक खोली बांधली होती. रविवारी गावातल्या मुली तिथं रसायनशास्त्र शिकायला यायच्या. मागच्या रविवारी मी गेले. फळ्यावर तिच्या तिरक्या अक्षरात अर्धवट समीकरण होतं. "पोरी पुसू देत नाहीत," अम्मी म्हणाल्या. मी खडू घेतला, ते पूर्ण केलं. मुलींनी उतरवून घेतलं. मग फळा पुसला आणि पुढचा धडा सुरू केला.