नरम वाचिंदी

आमचे बाळकृष्णकाका तेलुगू मुलखातल्या मलकपेठेतले निवृत्त शिक्षक. शाळा सुटली, पण चुका काढणं सुटलं नाही. घरी आलेल्या लग्नपत्रिकेवरसुद्धा लाल पेन चालवायचे. कुसुमकाकू नांदेडची. तिचा एखादा शब्द इकडचा तिकडे झाला की असे भडकायचे की ती बिचारी त्यांच्यासमोर हळूहळू बोलेनाशीच झाली. मला काकांचा मनस्वी राग यायचा.

गेल्या वर्षी त्यांचं डोकं असह्य दुखू लागलं. तपासण्या झाल्या. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांना सूज आली होती आणि त्यातली एक फुग्यासारखी फुगली होती. ती फुटली तर सगळाच कारभार आटोपणार होता. डॉक्टरांनी स्टिरॉइड सुरू केलं आणि अजिबात चिडायचं नाही अशी ताकीद दिली. आता हे काकांना कसं जमावं?

डॉक्टर तेलुगू. काकूला सोपं करून म्हणाले, "मेदडुलो नरम वाचिंदी." म्हणजे मेंदूतली नस सुजली आहे. काकूचं तेलुगू भाजीबाजारापुरतं. तिचा चेहरा उजळला. रिक्षात बसताच ती मला म्हणाली, "मेघना, ऐकलंस ना? मेंदू नरम झालाय, पण वाचले म्हणाले."

आता काका तडकणार आणि ती नसही तडकणार, या भीतीने मी शेजारी बसलेल्या काकांकडे पाहिलं. पण काका अफझलगंजच्या गर्दीकडे बघत गप्प बसले. डोकं दुखत असेल, असं मला वाटलं.

त्या दिवसापासून काकूने नवऱ्याचा नरमपणा गृहीतच धरला. गोळ्यांनी काकांची भूक वाढली आणि चिडचिडही. तिसऱ्यांदा नाश्ता मागताना ते गुरगुरले की ही हसून म्हणायची, "राहू द्या, तुम्ही आता नरम आहात." शेजारच्या भाग्यलक्ष्मीलाही तिने ही खुशखबर देऊन टाकली.

काही महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. सूज उतरली होती, फुगा आकसला होता. मला दवाखान्यातच रडू आलं. काकू औषधं आणायला गेली तेव्हा मी विचारलं, "काका, तुम्हाला तर तेलुगू घरच्यासारखं येतं. त्या दिवशी काकूची चूक लक्षात आली नव्हती?"

"आली की. रिक्षातच."

"मग गप्प कसे बसलात?"

"अगं, कित्येक वर्षांनी ती माझ्यासमोर घडाघडा बोलत होती. म्हटलं, नस फुटायचीच असेल तर हे ऐकताना फुटू दे."