शून्य चौदा आणि नुसता चौदा

“बाई, तुमच्या मशिनीला मी दिसत न्हाई का?”

कॉम्प्युटर रूमच्या दारात आमच्या फाउंड्रीतले दगडूभाऊ उभे होते. सुदुंबरे गावचे. नव्या क्वार्टर्सच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. आणि गेटबाहेर बैलगाडीत भांडीकुंडी घेऊन त्यांची बायको बसली होती.

“यादी लागायच्या आधीच सामान आणलंत?”

“सर्विस माजी लय जुनी. न्हाई मिळायचं म्हंजे काय?”

सत्तरच्या दशकातली गोष्ट. तळेगावजवळच्या आमच्या कारखान्यात नुकताच कॉम्प्युटर आला होता आणि मी तिथली प्रोग्रॅमर. अर्ज कार्डांवर पंच करायचे, म्हणजे जाड कागदाला भोकं पाडायची. मशीन ती वाचायचं. काहींनी दोनदा अर्ज केले होते. म्हणून मुंबई ऑफिसचा प्रोग्रॅम कामगाराचा टोकन नंबर सारखा आला की दुसरं कार्ड बाजूला टाकायचा.

मॅनेजर साठेसाहेब म्हणाले, “कॉम्प्युटर चुकत नसतो. उलट एक क्वार्टर शिल्लक राहिलंय.”

“तेच तर, सर. माणसं क्वार्टर्सइतकीच होती.”

“चारला चाव्या वाटायच्या आहेत.”

“तासभर द्या.”

दगडूभाऊंनी खिशातून टोकनाचा पितळी बिल्ला काढला. ०१४. फाउंड्रीच्या नंबरांआधी शून्य असे, मशीन शॉपच्या नसे. तिथून अर्ज केलेल्या शिंदेमामांचा नंबर होता १४. प्रोग्रॅम टोकन संख्या म्हणून वाचत होता, आणि संख्येत आधीच्या शून्याला किंमत नाही. मशीनच्या लेखी दोघे एकच!

प्रोग्रॅमही कार्डांवरच पंच केलेला असे; त्यातली दोन-तीन कार्डं मी बदलली. आता टोकन अक्षरांसारखं वाचायचं. शून्यासकट जुळलं तरच सारखं.

प्रिंटर खडखडला. दगडूभाऊंनी कागदावरच्या आपल्या नावावर बोट टेकवलं आणि माझ्या टेबलावर अशी थाप मारली की चहा सांडला. साठेसाहेब स्वतः चावी घेऊन गेटवर गेले. काय घोटाळा झाला ते त्यांनी वहिनींना समजावलं.

वहिनी गाडीतूनच म्हणाल्या, “मशिनीला सांगा सायेब, ह्यो नवरा माजा हाय. दुसऱ्याच्यात मिसळू नगा!”

साहेब रुमाल तोंडाला लावून हसत राहिले.

पुढच्या आठवड्यात उलटंच झालं. पंच करताना एका टोकनाआधी चुकून रिकामी जागा सुटली, आणि काटेकोर झालेल्या माझ्या प्रोग्रॅमने तीही अक्षर म्हणून मोजली; टोकन नोंदीशी जुळलं नाही म्हणून आंबी गावच्या एका माणसाला ओळखायलाच नकार दिला.

तेव्हापासून कुठलीही तुलना लिहिण्याआधी मी एकच गोष्ट ठरवून घ्यायची: सारखं म्हणजे किती सारखं? मशीन ते आपण होऊन विचारत नाही.