रोझीमावशीचं प्लास्टर

तेरेझाचा फोन आला तेव्हा मी बॉनला आमच्या इंजिनियरिंग कंपनीच्या ऑफिसात होतो. रोझीमावशीची ही एकुलती एक मुलगी. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमधून. "मामा गेली," ती म्हणाली; आईला ती मामाच म्हणते. "तिला आपल्याच चर्चमधून जायचं होतं. पापाला नेलं तसं. धर्मप्रांताच्या ऑफिसात विचारलं, तर ते तुझं नाव घेतात." नाव घेणारच. त्या चर्चला तीन वर्षांपूर्वी कुलूप लागलं ते माझ्या अहवालामुळे. आज मावशीला जाऊन सहा आठवडे झाले.

माझी आणि मावशीची ओळख झाली ती माझ्या चौकसपणामुळे. युरोच्या नोटा अजून कोऱ्या करकरीत होत्या त्या दिवसांत मी पुण्याहून जर्मनीत रूरच्या खोऱ्यात पीएचडीला आलो. कोळशाच्या खाणींवरची जमीन किती आणि कशी खचते, हा विषय. मोजायला नेमून दिलेल्या इमारतींत एका खाणगावातलं लहानसं कॅथलिक चर्च होतं, बाहेर 'ऐतिहासिक वास्तू' अशी पाटी. आत गेलो आणि मान वर करून बघतच राहिलो. दोन लाकडी खांब, त्यांवर आडवा ओंडका, चार पावलांवर पुन्हा दोन खांब, पुन्हा ओंडका, असं थेट वेदीपर्यंत. खाणीच्या बोगद्याला देतात तसे टेकू कोणी चर्चला दिलेले मी कधी पाहिले नव्हते. "हे कोणी केलं असेल?" मी स्वतःशीच पुटपुटलो. मागे बाकं पुसत असलेल्या सत्तरीच्या बाईंनी मराठीत उत्तर दिलं, "माझ्या नवऱ्याने. तू कुठला रे?"

त्या दिवशी मी मोजमाप विसरून दोन तास नुसता प्रश्न विचारत बसलो. मावशी वसईची. तरुणपणी नर्स म्हणून इथल्या इस्पितळात आली आणि हाडांच्या वॉर्डात तीस वर्षं प्लास्टर घालत राहिली. पोर्तुगालहून खाणीत कामाला आलेला मान्युएल पाय मोडून तिथे दाखल झाला. "पाय सहा आठवड्यांत जुळला, तरी तो दर गुरुवारी दाखवायला यायचा," ती सांगायची. त्याला आणि त्याच्या सोबत्यांना आपल्या भाषेतली मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, हवी होती. कंपनीने पडीक जागा आणि उरलेल्या विटा दिल्या. पाळी संपली की ही माणसं तोंड धुऊन बांधायला यायची. त्यांच्यात सुतार एकही नव्हता, गवंडी एकही नव्हता. डोक्यावरचं छप्पर सावरायची एकच रीत त्यांना ठाऊक होती, ती त्यांनी इथे वापरली. तपासनीस आला, त्याला काही कळेना, शेवटी लाकूड चांगलं आहे असा शेरा मारून गेला. "आमच्या वसईत पोर्तुगिजांनी चर्चं बांधली म्हणतात. बांधली कसली, बांधून घेतली. टोपल्या आमच्या लोकांच्या डोक्यावर," मावशी म्हणाली. "इथे मी पोर्तुगिजाला स्वतः विटा वाहताना पाहिलं. मग म्हटलं, याच्याशी लग्न करायला हरकत नाही." आणि पाटीकडे बोट दाखवून हसली, "माझ्याहून तीस वर्षांनी लहान, आणि म्हणे ऐतिहासिक."

पुढची काही वर्षं मी दर महिन्याला तिथे जायचो. काम तासाभराचं, पण मावशीकडे जेवण ठरलेलं असायचं. पोर्तुगिजांचा सुका कॉड मासा ती वसईहून आणवलेला बाटलीतला मसाला घालून करायची, आणि मी ताटावर वाकलो की मला प्रश्न विचारायची. वेदीमागच्या भिंतीत भेग होती. ती का पडली, हे मी तिला कागदावर काढून दाखवलं. कोळसा काढून रिकाम्या झालेल्या जागा हळूहळू दबतात, वरची जमीन खाली जाते, भिंत ताणली जाते. "आल्झो, म्हणजे खालून पोखरलं ते आमच्याच लोकांनी आणि वर बांधलं तेही त्यांनीच," ती म्हणाली. 

भेग हलते का हे बघायची इथे एक जुनी साधी पद्धत आहे. भेगेवर आडवी प्लास्टरची पातळ पट्टी लावायची, तिच्यावर तारीख टाकायची. भिंत केसभर जरी सरकली तरी पट्टीला तडा जातो. पट्टी तुटली तर चर्च बंद करावं लागेल, हे मी मावशीला आधीच सांगितलं होतं. फुटबॉल वर्ल्ड कपच्या उन्हाळ्यात, खिडक्याखिडक्यांतून जर्मन आणि पोर्तुगीज झेंडे लटकत असताना, मी लावलेली पट्टी बघायला गेलो. ती अखंड होती, तारीखही बरोबर. मला बरं वाटलं आणि मी सवयीने बोट फिरवलं. माझ्या पट्ट्यांच्या कडा नेहमी खरबरीत राहतात, मला त्या कामाची सफाई नाही. या पट्टीच्या कडा ओल्या अंगठ्याने गोल करून घेतल्या होत्या, पेशंटच्या कातडीला टोचू नयेत म्हणून नर्सेस करतात तशा.

मी वळलो. मावशी बाकावर बसली होती. "फसवायला नाही रे," ती म्हणाली. "मोडलेलं दिसलं, हात गेला." तिने विचारलं, "तू आता काय लिहिणार?"

"आहे ते."

"गेनाऊ, अगदी बरोबर. तेच लिही." मग अगदी हळू म्हणाली, "मला मान्युएलसारखं याच दारातून जायचं होतं, एवढंच."

मी आहे ते लिहिलं. कुलूप लागलं. मला वाटलं, आता हे घर आपल्याला बंद झालं. पण पुढच्या महिन्यात तिचाच फोन, मासा भिजत घातलाय, येतोस ना? त्यानंतर तिने चर्चचा विषय माझ्यापुढे एकदाही काढला नाही. तिने मला दोन शब्द सुनावले असते तर मला सोपं गेलं असतं, हे आज कबूल करतो.

तेरेझाच्या फोननंतर मी धर्मप्रांताच्या ऑफिसात बोललो. इंजिनियरने लेखी जबाबदारी घेतली तर अर्धा तास दार उघडू, असं ते म्हणाले. माझे साहेब म्हणाले, सही करू नकोस. मी आदल्या दिवशी जाऊन भिंत मोजली, खांब तपासले. भेग थोडी रुंदावली होती. अर्ध्या तासात काही होणार नाही हे मला कळत होतं, पण कुठलंही कोष्टक तशी हमी देत नाही. मी सही केली. चाळीसच माणसं, आणि घंटा वाजवायची नाही, या अटीही मीच घातल्या.

मिस्सा झाली, लोक दबक्या आवाजात गायले. मी घड्याळ हातात घेऊन भेगेपाशी उभा होतो आणि मला मावशीचा चेहरा आठवायचा सोडून आकडे आठवत होते, याची लाज वाटत होती. मान्युएलच्या सोबत्यांपैकी आता एकटा जुआंव उरलाय, पंच्याऐंशीचा. काठी टेकत तो माझ्याजवळ आला. "अजून किती?" त्याने त्याच्या मोडक्या जर्मनमध्ये विचारलं.

"दहा मिनिटं," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि भिंतीवर तळवा ठेवला. "हिला अजून किती, ते विचारतोय. मलाही इथूनच जायचंय."

मी त्या भिंतीचं सात वर्षांचं मोजमाप केलंय. तिचं उत्तर मला ठाऊक होतं, फार वर्षं नाहीत.

"तुम्हाला पुरेल," मी म्हणालो.