पेनड्राइव्हचा मालक

एकतीस जुलै. पावसाळ्यातली मासेमारीबंदी संपून उद्यापासून बोटी समुद्रात जाणार म्हणून ट्रंकेतले बोटीवरचे रेनकोट बाहेर काढले, तर त्यांना अजून डिझेलचा वास येत होता, आणि माझे हे वारल्यानंतरचा पहिला हंगाम आठवला. त्या वर्षीपासून बोट धाकटे दीर चालवणार होते. समुद्रात मासळी कुठे मिळते त्या जागा ज्यात साठवलेल्या, तो ह्यांचा पेनड्राइव्ह घेऊन ते आले. “वहिनी, नवीन जागा सेव्हच होत नाय. दादान जातानासुद्धा कुलूप लावलान की काय?” मी शाळेत संगणक शिकवते, घरच्या लॅपटॉपवर लिनक्स ही संगणकप्रणाली मीच घातलेली, पेनड्राइव्हही तिच्यातच फॉरमॅट केलेला. तो लॅपटॉपला लावून पाहिलं तर फाइलच्या मालकाच्या रकान्यात ह्यांचं नाव होतं, आणि मालकाशिवाय कोणालाच त्यात लिहिता येत नव्हतं. मालक बदलणं म्हणजे एका ओळीची आज्ञा टाइप करण्याचं काम. रेशनकार्डावरून, वीजबिलावरून ह्यांचं नाव मी न रडता काढलं होतं. इथे बोटं चालेनात. “ऱ्हावदे वहिनी, कागदावर लिवतो,” दीर हळूच म्हणाले. “कागद भिजतो, भावोजी,” म्हटलं आणि एंटर दाबलं. ह्यांच्या जागी माझं नाव आलं, आणि दिरांनी सांगितलेल्या नवीन जागा मी त्यात सेव्ह केल्या. लॅपटॉपवरचं ह्यांचं खातं मात्र मी आजही काढलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मिरकरवाडा बंदरावर जाऊन दिरांच्या हातात पेनड्राइव्ह दिला आणि बोट दिसेनाशी होईपर्यंत धक्क्यावर उभी राहिले. ह्यांच्या वेळी मला नेहमी शाळा गाठायची घाई असे.